बोटीला मानवणारी शेगडी

तीर्थरूप ताई हिस,

बोटीवरून वाकून नमस्कार. (इथलं छत इतकं बुटकं आहे की वाकल्याशिवाय काहीच करता येत नाही, त्यामुळे वडीलधाऱ्यांना हा पत्ता फार आवडावा.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना टाळतात, की अजूनही डॉक्टरांना खोटं पाडायला दिवसातून दोनदा चढतात? आम्ही दोघं खुशाल आहोत. आई तर आमच्याहून खुशाल आहे. तिला परत पाठवायला उशीर झाला याचं कारण शेगडी, आणि ते नीट समजावून सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

तुला ठाऊकच आहे, जन्मभर भूगोल शिकवला, म्हणजे नकाशातल्या पाण्यावर बोट फिरवलं, म्हणून निवृत्त झाल्यावर खरी बोट घेतली. हिने होकार दिला तो एकाच अटीवर. सकाळचा चहा घरात मिळाला पाहिजे, केस विंचरून टपरीवर जाऊन नव्हे. नाहीतर ती सरळ लेकीकडे राहायला जाणार आणि मी खुशाल माशांना भूगोल शिकवावा. मी म्हटलं, त्यात काय, गॅस आहेच की. सिलिंडर खांद्यावर घेऊन धक्क्यावर पोचलो तर रखवालदार आडवा आला. लाकडी बोटी एकमेकींना खेटून उभ्या, एकीने पेट घेतला की सगळ्या गेल्या, म्हणून इथे गॅसला मनाई. त्याचं म्हणणं इतकं रास्त होतं की मला भांडताही येईना. तोच सिलिंडर परत नेताना दुप्पट जड लागला.

मग विजेची शेगडी आणली, चांगली ऐसपैस, एका वेळी दोन भांडी मावणारी. एकीकडे चहा, दुसरीकडे अंडी, असा बेत. पण आमची आणि शेजारच्या बोटीची वीज धक्क्यावरच्या एकाच खांबावरून येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बटणं फिरवली आणि दोन्ही बोटी अंधारात. शेजारी एक निवृत्त दंतवैद्य राहतात, अत्यंत सभ्य माणूस. ते बाहेर आले, हातात विजेवरचं दाढीचं यंत्र, उजवा गाल गुळगुळीत, डावा जसाच्या तसा. म्हणाले, "तुमचा चहा व्हायला साधारण किती वेळ लागेल? नाही, त्या बेताने मी बाहेर पडतो." वीजवाला आला दुपारी. तोवर दंतवैद्य बाजार करून आले होते. (मफलर गुंडाळून, भर उन्हात.)

तेवढ्यात तू आईला चार दिवसांसाठी इकडे सोडलंस. तिला घेऊनच आम्ही पुन्हा दुकानात गेलो. गळ्यात टाय लावलेल्या विक्रेत्याने शेगड्यांची रांग मांडली. एक गाणं म्हणून बोलावते, एक मोबाइलवरून चालते. मी सगळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि पूर्ण विचारांती एक छोटीशी, काळ्या काचेची, एकाच भांड्याची इंडक्शन शेगडी निवडली. वीज कमी खाते, जागा पाटाएवढी. फक्त चुंबक चिकटेल तेच भांडं तिच्यावर चालतं. घरी येऊन चुंबक फिरवला तर हिची पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी एकजात नापास. चिकटला तो नांगराला आणि माझ्या पट्ट्याच्या बकलाला. ही म्हणाली, "मग नांगरातच कर चहा." तिचं तोंड पाहून मी मुकाट्याने जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणलं.

दूध ठेवलं, आणि नेमकी शेजारून मोठी लाँच गेली. बोट कलली, काचेवरून पातेलं घसरलं आणि कोमट दूध माझ्या मांडीवर. ही हसत सुटली. आई मात्र शेगडीकडे बघत होती. तिने विचारलं, "ही बंद कुणी केली?" कुणीच नाही, भांडं हललं की ती आपली आपण बंद होते. आई म्हणाली, "परत ठेव बघू. आता उचल. परत ठेव." मी पातेलं उचलून ठेवून दमलो. मग ती म्हणाली, "सरक बाजूला."

ताई, त्या दिवशी आईच्या हातून गॅस चालू राहिला, तुझं स्वयंपाकघर काळं झालं, तेव्हापासून तू आईला ओट्याजवळ फिरकू देत नाहीस. बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं. पण त्या संध्याकाळी तिने पदर खोचला, चहा केला, भात केला, आणि भात शिजेपर्यंत आम्हा दोघांना रागावत होती. इतकं मोकळं रागावलेलं मी तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनाही चहा गेला. त्यांना साखर कमी खा म्हणून तिनेच सुनावलं. शेगडीला मी आता लाकडी कठडा ठोकला आहे, पातेलं घसरत नाही. हीसुद्धा लेकीचं नाव काढत नाही, कारण चहा तिला आयता मिळतो.

भावोजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा धाकटा

ता. क. आईचा दुसरा चष्मा, गरम शाल आणि उरलेली लुगडी पाठवून दे. सगळीच पाठव. रागावू नकोस.

आणखी ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. तिला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत.

बाळ, यानं काही अभ्यास केला नाही. हा गाणारी शेगडी घेत होता. दुकानात मीच विचारलं की आपली आपण बंद कुठली होते, आणि या छोटीकडे बोट दाखवलं. बोटीवर नुसती खात्री करून घेतली. लुगडी पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये. तीन वर्षं तू मला हातात चहा आणून दिलास. इथे ये, नुसती बसून राहा, मी देते.