विनिताने तीनदा खरवडलेली मान

वेस्टमीड, सिडनी
रविवार, सकाळ

प्रिय करुणा,

सप्रेम जय भीम. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नकोस. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तू मध्येच रडली असतीस आणि मी नेहमीसारखं 'काही नाही गं' म्हणून विषय बदलला असता. आमचा विराज या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. पाच आठवड्यांपूर्वी एका तैलचित्रात मला माझा आजार दिसला. येत्या मंगळवारी गळ्याचं ऑपरेशन आहे. ऑफिसला जातो, जेवतो, सकाळी वंदना घेतो, पण आतून मी अजून त्या चित्रासमोरच उभा आहे.

विनिता म्हणून आमच्या ओळखीची एक बाई आहे, मूळची पुण्याची. आयटीतली नोकरी सोडून तिने जुन्या शास्त्रीय पद्धतीने तैलरंगात माणसं रंगवायला सुरुवात केली. फोटोवरून काढत नाही. माणूस समोर बसवायचा, एक डोळा मिटून विणायची सुई हाताच्या अंतरावर धरायची, माप घ्यायचं, आणि थरावर थर चढवत महिनोन्महिने एकच चेहरा करायचा. एक थर वाळला की दुसरा. पेंडल हिलला एका दुकानामागची खोली तिने भाड्याने घेतली आहे. युरोपातल्या पुस्तकांत उत्तरेची खिडकी हवी असं लिहिलेलं, म्हणून तिने आधी उत्तरेचीच खोली घेतली होती. इथे ऊन उत्तरेकडून येतं हे लक्षात यायला तिला एक उन्हाळा लागला. आता खिडकी दक्षिणेची आहे.

तिने मला मॉडेल म्हणून का निवडलं, तर मी हलत नाही म्हणून. विहारात एका रविवारी ती प्रमिलाला म्हणाली, "वहिनी, दादाराव ध्यानाला बसतात तेव्हा भिंतसुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त हलते. मला हा माणूस द्या." प्रमिला म्हणाली, "घेऊन जा, घरीही काही कामाचा नाही." तर आठ महिने, दर शनिवारी, मी त्या खोलीत बसलो. पूर्ण होईपर्यंत बसणाऱ्याने चित्र बघायचं नाही, हा तिचा नियम. मीही बघितलं नाही.

तिसऱ्या महिन्यापासून ती मला टोकायला लागली. "दादा, हललात." मी म्हणायचो, नाही. "मान वळवली तुम्ही." नाही गं बाई. दहा दिवसांच्या शिबिरात तास तास डोळा न उघडता बसलेला माणूस मी, आणि ही म्हणते हलतो. खरं सांगतो, मला राग यायचा. तिनेही कंटाळून मानेचा भाग पातीने खरवडला आणि पुन्हा काढला. असं तीनदा झालं. तिला वाटलं, आपली नजर चुकते. मला वाटलं, माझी बैठक मोडली. ती स्वतःवर चिडली, मी स्वतःला बोल लावला. मान बदलत असेल हे दोघांच्याही मनात आलं नाही.

कॅसल हिलच्या एका हॉलमध्ये तिच्यासारख्या सात जणांचं प्रदर्शन होतं. सगळे शास्त्रीय पद्धतीने काम करणारे. गडद पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा उजेड. प्रमिला, विराज आणि मी गेलो. माझं चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. चेहरा इतका खरा की मला स्वतःचीच लाज वाटली. प्रमिला चित्राच्या अगदी जवळ गेली. मग हळूच म्हणाली, "अहो, ही मान तुमची नाही. ही मामाजींची आहे."

करुणा, तिथे आपल्या अप्पांची मान होती. उजव्या बाजूला, कॉलरच्या वर, तोच उंचवटा, त्याखाली पडलेली तीच सावली. विनिता माफी मागायला आली. "दादा, पाच महिने हीच जागा चुकत होती. शेवटी म्हटलं, जाऊ दे, जे दिसतं तेच काढते." मी हात गळ्याकडे नेला. गाठ बोटांना लागली. गिळलं तर वर सरकली. रोज दाढी करताना त्याच जागेवरून माझा हात फिरत होता. वीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या गाठींचे काप करून काचेवर चढवतो आहे.

सुईने तपासणी झाली. नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. सहकाऱ्याने पाकिटावरचं नाव वाचलं आणि मला चहा प्यायला बाहेर पाठवलं. मी बाहेर बाकावर बसलो. ध्यान करायला गेलो तर श्वास सापडेना. आजवर असं कधी झालं नव्हतं. रिपोर्ट थायरॉइडच्या कॅन्सरचा निघाला.

आता जे इतकी वर्षं आपण दोघांनी तोंडातून काढलं नाही ते लिहितो. अप्पांची गाठ दिसली तेव्हा तू अकरावीत होतीस. तू म्हणालीस, नागपूरला नेऊ. मी लॅबचा कोर्स शिकत होतो, घरात माझा शब्द चालायचा. मी म्हटलं, "काही नाही, गलगंड आहे, मीठ बदला." तू ऐकलंस. सगळ्यांनी ऐकलं. दीड वर्षात अप्पा गेले. तू मला त्याबद्दल एकदाही बोलली नाहीस, आणि मी तुला बोलू दिलं नाही. तुझं बरोबर होतं.

गुरुवारी माझ्या जनुकांचा रिपोर्ट आला. हा कॅन्सर रक्तातून उतरणारा आहे. तो मला अप्पांकडूनच आला असणार, असं डॉक्टर म्हणतात. भावंडांमध्ये तो उतरण्याची शक्यता निम्मी. तुझ्यात असेल तर तुझ्या मितालीतही निम्मी. विराजचं रक्त काल घेतलं. लवकर कळलं तर ती ग्रंथी वेळेत काढून टाकतात, आणि माणूस रोज एक गोळी घेऊन नेहमीसारखा जगतो. शेवटच्या पानावर तपासण्यांची नावं इंग्रजीत लिहिली आहेत, डॉक्टरांना तेवढंच दाखव. त्यांनी मान चाचपून 'काही नाही' म्हटलं तरी उठू नकोस, रक्त देऊनच ये. उद्या शाळेत रजा टाक, मितालीलाही शाळेत पाठवू नकोस, आणि सरळ नागपूरची गाडी पकड. मंगळवारी माझं काय झालं ते कळेपर्यंत थांबू असा विचार करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझ्यासाठी थांबू नकोस. एकदा माझं ऐकून थांबली होतीस.

तुझाच भाऊ,
दादाराव