हरभऱ्यांचा तास

१० नोव्हेंबर, सोमवार
लातूरचं ट्रेनिंग संपलं. खेळातून शिक्षण. शेवटच्या सत्रात मॅडमनी एवढ्या शिक्षकांतून मलाच पुढं बोलावलं. (खुर्ची सरकवायला. पण मलाच.) आजपासून माझ्या दुसरीच्या वर्गात घोकंपट्टी बंद. ओरडणं बंद. रोज एक ॲक्टिव्हिटी, तिचा व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर. बायकोला सांगितलं. वर्षाराणी म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

११ नोव्हेंबर
चिखलाची अक्षरं. 'क' झकास झाला. नंतर कळलं, नळाला पाणी नाही. हात गणवेशाला पुसले गेले. ओरडलो. म्हणजे ओरडलो नाही, सूचना दिली. मोठ्यानं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दहा-दहाचे ढीग करायचे. ट्रेनिंगमध्ये बाटल्यांची झाकणं सांगितली होती, नाकातोंडात जाणार नाहीत अशी. पण झाकणं कोण गोळा करत बसणार? घरात हरभरे होते. व्हिडिओ फर्स्टक्लास. फक्त मध्येच लुंबिनी फ्रेममध्ये घुसली अन् माझी बाही ओढून राहिली. सर, आत गेला, म्हणाली. शाब्बास म्हणालो, जागेवर बसवलं. तेवढा तुकडा कापला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
केंद्रप्रमुख साहेबांनी ग्रुपवर अंगठा दिला! पुढच्या शुक्रवारी वर्ग बघायला येणार. पद्धतीचा परिणाम दिसून राहिला. ती बडबडी लुंबिनीसुद्धा दोन दिवस गप्प बसली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वर्गात घाण वास. उंदीर मेला असावा म्हणून कपाट हलवलं. पाठीत चमक. उंदीर नव्हता. लुंबिनीचं नाक वाहत होतं, एकाच बाजूनं. थंडी पडली आहे. घरी निरोप पाठवला, मुलीला स्वच्छ ठेवत जा.

१८ नोव्हेंबर
मुलं नाक धरून बसतात. व्हिडिओत बरं दिसत नाही. लुंबिनीला दारापाशी एकटीला बसवलं. तिथं हवा खेळती असते. तिच्याच भल्यासाठी. भिंतीपलीकडच्या पहिलीच्या जगदेवीबाई जाता जाता थांबल्या, तिच्या कपाळाला हात लावला, ताप आहे म्हणाल्या. त्यांना दुसऱ्याच्या वर्गात फार लक्ष.

१९ नोव्हेंबर
लुंबिनीची आई आली. महामायाताई अहमदपूर डेपोत कंडक्टर आहेत. ड्युटीवरून थेट, खाकीतच. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. विचारलं, "माझीच लेक दारापाशी का?" मी व्हेंटिलेशन समजावून सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "माझ्या आज्याला बी शाळेत दारापाशीच बसवलं व्हतं, सर. त्या मास्तरनं बी काहीतरी कारण सांगितलंच असंल."
मी म्हणालो, गैरसमज होतोय. मी तसला माणूस नाही. तुमच्या घरी चहासुद्धा प्यालोय.
त्यांनी लेकीचं दप्तर उचललं अन् गेल्या.
चहाचं बोलायला नको होतं. पण प्यालो होतो, हे खरं आहे. दुधाचा होता.

२० नोव्हेंबर
लुंबिनी गैरहजर. ठीक. उद्या साहेब येणार. सगळ्या वर्गाला गोलात बसवायचं ठरवलं. गोलात दार-खिडकी असा प्रश्नच येत नाही. हे मला आधीच सुचलं असतं, पण कामाचा ताण.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेब आले. मुलं गोलात, मध्ये झाकणं (हॉटेलवाल्याकडून आणली). साहेब स्वतः खाली बसले. फोटो चालू असताना हेडसर फोन घेऊन आत आले. नांदेडच्या दवाखान्यातून महामायाताई. लुंबिनीच्या नाकातून हरभरा निघाला. फुगलेला, कुजलेला. आत जखम झाली आहे. डॉक्टर म्हणाले, झोपेत आत ओढला गेला असता तर श्वास अडकला असता.
साहेबांनी विचारलं, पोरीनं कुणाला सांगितलं कसं नाही? मी म्हणालो, या वयाची मुलं घाबरतात, साहेब. सांगत नाहीत.
गोलातून आरती उठून उभी राहिली. "सांगितलं व्हतं की. सर तिला शाब्बास म्हणले."
मुलं हसली. साहेब उठले, पँट झटकली. चहा घेतला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
साहेबांना द्यायचा खुलासा लिहायला बसलो. 'थंडीच्या दिवसांत लक्षणांत साम्य असल्याने' इथपर्यंत आलो. फाडला. वर्षाराणीनं विचारलं, काय झालं? पाठ दुखते म्हणालो.

२३ नोव्हेंबर, रविवार
लुंबिनीच्या घरी गेलो. ती पलंगावर होती. मला बघून तोंड भिंतीकडं केलं. महामायाताईंनी पाणी दिलं. चुकलो म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, अभ्यास बुडाला तर मी भरून काढीन. त्या म्हणाल्या, "गावात शाळा एकच हाय, सर. पाठवावीच लागंल."
चुकलो हे रस्त्यात आल्यावर म्हणालो. कुणी नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
लुंबिनी आली. नाक स्वच्छ. मधली जागा मोकळी ठेवली होती, तिथं बसली. आज काही ॲक्टिव्हिटी घेतली नाही. मोबाईल काढला नाही.
पाढे चालू असताना ती उठली. पोट धरलं होतं. मी खुर्चीतून पुढं सरकलो, काय होतंय विचारणार होतो. ती माझ्या टेबलापुढूनच गेली, बाहेर पडली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.
"बाई, माझं पोट दुखून राहिलं."