एकोणिसावी बाटली

सोमवार, ३ मार्च
आज एकोणीस बाटल्या. कुणाला तपासणीला बोलवायचं, ते नंबर सकाळी संगणक काढतो, त्यात माझा हात नसतो. शेवटचा नंबर उस्तादांचा निघाला. वीस वर्षांपूर्वी मला बूट बांधायला, बंदूक धरायला आणि रडू गिळायला ज्यांनी शिकवलं, ते उस्ताद.

माझं काम साधं. जवान बाटलीत लघवी करतो, मी ते बघतो, मग सील आणि सही. नशा असो की गोळ्या, प्रयोगशाळेत सगळं कळतं. पलटणीत मला बाटलीमास्तर म्हणतात. पाच वर्षांत कान सरावलेत.

उस्ताद दारातच म्हणाले, "काय मास्तर, आता हेही बघणार का माझं?" हसले. मीही हसलो — आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बघण्याचा पगार घेणारा माणूस भिंतीचे पोपडे बघत राहिला.

बाटली हातात आली ती गार.

मंगळवार, ४ मार्च
काल पुरतं लिहिलं नाही. नमुना ताजा असला की त्याच्या उबेने बाटलीवरच्या पट्टीला रंग येतो. आला नाही. म्हणजे दुसऱ्याची लघवी, बाहेरून आणलेली. मी रकान्यात 'योग्य' लिहिलं. खाली 'नमुना माझ्या डोळ्यांदेखत दिला', त्यावर सही. 

शनिवार, ८ मार्च
ही म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा हात धुताय. साबण संपवायचा विडा उचललाय का?" काही नाही, म्हटलं.

गुरुवार, १३ मार्च
अहवाल आले. एकोणीसही स्वच्छ.

कँटीनमध्ये उस्तादांनी पाठीवर थाप मारली. डोळ्यांत बघितलं नाही. दोन्ही हातांनी धरूनही त्यांचा कप बशीवर वाजत होता. पाठीचं जुनं दुखणं, त्यावरच्या गोळ्या, मग जास्त गोळ्या. मला कसं दिसलं नाही? दिसलं होतं.

फळ्यावर नोटीस लागलीय. २४ तारखेपासून नव्या भरतीला हातबॉम्ब शिकवणार — उस्ताद. खड्ड्यात दोघंच, शिकणारा आणि शिकवणारा. शिकणाऱ्याच्या हातून बॉम्ब निसटला, तर त्याला ओढून बाहेर काढायला तीन-चार सेकंद मिळतात. अहवाल स्वच्छ असल्याशिवाय हे काम कुणाला देत नाहीत. उस्तादांचा अहवाल स्वच्छ आहे, माझ्या सहीनिशी.

सोमवार, १७ मार्च
तपासणी ज्यांच्या देखरेखीखाली चालते त्या डॉक्टरबाईंकडे गेलो, सांगायचंच असं ठरवून. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. नवीन दोघं तुमच्या हाताखाली देतेय. तुमच्याइतकं चोख काम कुणाचं नाही." मी 'बरं' म्हणून बाहेर आलो.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात. घेतलं असतं तर मी तिथेही भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो असतो.

बुधवार, १९ मार्च
हिला सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबले.

"ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे बघवलं नाही, हे समजू शकते. पण त्या खड्ड्यात कुणाचं तरी लेकरू असणार ना?"

मग भाजी बाजूला सारून, "नोकरी जाईल?"

"जाईल कदाचित."

"जाऊ दे, असं माझ्या तोंडून नाही यायचं. पण तुम्ही सांगून या."

शुक्रवार, २१ मार्च
पलटणीच्या साहेबांना सगळं सांगितलं. पट्टीचंही. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "अठरा दिवस काय करत होतात?"  माझ्या पाच वर्षांच्या सगळ्या सह्या आता तपासणार. तपासायलाच हव्यात.

उस्तादांना दुपारी परत नमुना द्यायला लावला. समोर डॉक्टरबाईंचा मदतनीस उभा होता. संध्याकाळच्या आत खड्ड्याच्या कामावरून त्यांचं नाव काढलं. जिन्यात समोरासमोर आलो. मी बाजूला झालो, ते उतरून गेले. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवार, २९ मार्च
दुसऱ्या नमुन्यात गोळ्या सापडल्या. उस्ताद व्यसनमुक्तीच्या वॉर्डात. चौकशी संपेपर्यंत मी भांडारात, घोंगड्यांच्या गठ्ठ्यांपाशी. आता कुणी बाटलीमास्तर म्हणत नाही. काहीच म्हणत नाहीत.

रविवार, ६ एप्रिल
वॉर्डात भेटायला गेलो. मला बघून वहिनी उठून बाहेर गेल्या. उस्ताद उशीला टेकून बसले होते, बारीक झालेत.  म्हणाले, "त्या दिवशी बाहेरून आणलेली शिशी खिशातच होती. तुझ्यासमोर ती काढणं मला जमलं नसतं. सगळं सांगून टाकू, असं मनात आलं होतं, लेका. तेवढ्यात तू वळलास."

तुमचा मान राखायला वळलो होतो, हे ओठांवरच राहिलं.