अठरा मिनिटांचं उड्डाण

३ मार्च
दोन बेटांमधलं अंतर बासष्ट किलोमीटर, उड्डाण अठरा मिनिटांचं. टॉवरवाल्या साहेबांनी आज स्वतः सांगितलं. चहा निवायच्या आत माणूस इकडचा तिकडे, म्हणे. मला विमानसफाईचं काम मिळालंय. विमान एकच, आसनं एकोणीस. विमानतळामागे राहायला छोटी खोली, खिडकीत ऊन. सहा महिन्यांची ठमी पलीकडच्या बेटावर सासूबाईंकडे आहे. जम बसला की दोघींना याच विमानाने आणायचं.

५ मार्च
आसनाच्या पाठीच्या खिशात कुणाची तरी विसरलेली दुधाची बाटली सापडली. झाकण उघडलं तर दुधाचा गोळा, त्यावर हिरवी लव. शिळी असेल, असं मुकादम म्हणाला. पण सकाळी विमान निघण्याआधी सगळे खिसे मीच पुसले होते.

९ मार्च
आसनांच्या फटीत नखं. ओंजळभर, पिवळी, चिकट. कापलेली नव्हेत, दातांनी तोडलेली. मुकादम म्हणतो, बाई, नाक दाबायचं आणि झाडू मारायचा, पंचनामा करायचा नाही. पलीकडच्या बेटावरची काउंटरवाली फोनवर सांगत होती की गुळगुळीत दाढी केलेला, नवरदेवासारखा नटलेला माणूस चढला. इकडे तो छातीपर्यंत दाढी घेऊन उतरला. प्रवास कसा झाला, विचारलं. चटकन आलो म्हणाला, जमिनीकडे बघत. सगळे तेवढंच म्हणतात. वैमानिक मात्र पुढच्या आपल्या दाराने, नाकाला रुमाल लावून निघून जातात.

१४ मार्च
आसनांचा फोम खाल्लेला आहे. दातांचे व्रण स्पष्ट दिसतात. संडास काठोकाठ भरलेला, आणि लोक त्याच्या शेजारीच झोपले असावेत, तशा खुणा. हात चारदा धुतले तरी घास तोंडाशी नेववत नाही.
बाहेर अठरा मिनिटं. आत किती, देव जाणे. दर फेरीला वाढतंय.
सासूबाईंना फोन केला, विमानात कुजका वास मारतो, येऊ नका, नाहीतर बोटीने या. बोटीत ओकारी होते, म्हणाल्या. अगं, साऱ्या जगाचा वास तुझ्याच नाकाला. अठरा मिनिटांत मी काय कुजणार आहे का?

१६ मार्च
काउंटरवालीचा फोन. एक आजी तान्ह्या नातीला घेऊन चढल्या. सुनेला न कळवता निघाल्यात, कौतुकाने सांगत होत्या. बरोबर दोन बाटल्या दूध.
सासूबाईंचा फोन बंद. विमान सुटलं आहे.
टॉवरवर धावले. परत फिरवा म्हटलं. साहेब हसले. एवढ्याशा वाटेला परत काय फिरायचं.

उतरलं. वेळेवर, अठराव्या मिनिटाला. साहेबांनीच सांगितलं.
वैमानिक गेले. मागचं, प्रवाशांचं दार बंदच. कुणी उतरत नाही. दाराच्या फटीतून काहीतरी तपकिरी पाझरतंय, शिडीवर — माश्या —
मुकादम लांब उभा. सफाई तुझी, दार तूच उघड, म्हणतो.

आतून हाक येते आहे. मुलीचा आवाज, खणखणीत. आई म्हणते. माझी ठमी अजून धड बसतही नाही —
सासूबाईंना हाका मारल्या. उत्तर नाही. दुसऱ्या कुणाचंच नाही. तिचं एकटीचं.
खायला काय आणलंस, विचारते आहे.

कडी आतून फिरते आहे. आता दार —