नावाडी पाण्यातून वर येईपर्यंत

मी, चुंडूरु कोटय्या, वय एकाहत्तर, धंदा गोटी सोड्याचे दुकान, राहणार तेनाली, कालव्याकाठच्या टॉकीजसमोर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे कोणी माझा हात धरून लिहून घेतलेले नाही. नशापाणी मी करत नाही. शाळा पाचवीपर्यंत झाली. येत्या मंगळवारी गुंटूरला माझी छाती उघडून हृदयाचे काम करणार आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. धीर झाला नाही.

एक. राहते घर, मागची विहीर आणि नारळाची झाडे पत्नी रत्तम्मा हिला, तिच्यानंतर मुलगी नागमणी हिला. छत पश्चिमेच्या कोपऱ्यात गळते. ते येत्या उन्हाळ्यात मी करून घेणार होतो. रत्तम्माने एकटीने शिडीवर चढू नये.

दोन. बँकेत आहे ते आधी इस्पितळाला लागेल. उरले तर रत्तम्माचे.

तीन. सोड्याचे यंत्र आणि बाटल्या नागमणीला. जावई यंत्र विकून फ्रिज घेऊ म्हणतील, त्यांचे ऐकू नये. यंत्र फिरवताना लोखंडी झाकण लावायला विसरू नये. बाटली फुटली तर काच डोळ्यांत जाते. हे मी तिला पुष्कळदा सांगितले आहे, तरी इथे पुन्हा लिहितो.

चार. आमच्या हिरोच्या वाढदिवशी त्याच्या चाहत्यांच्या मंडळाची सिनेमाच्या प्रश्नांची स्पर्धा होते. तिथे प्रश्न मी विचारतो. त्या स्पर्धेची पितळी घंटा नागमणीला. मंडळी म्हणतील, बाईमाणूस घंटा कशी वाजवणार. मागच्या वर्षी एकाच गाण्यात हिरोच्या गाडीचा रंग दोनदा बदलतो हे तिने मागच्या बाकावरून सांगितले, तेव्हा हीच मंडळी छताकडे बघत होती. माझा नियम तिने मोडू नये. सिनेमाच्या शेवटावर प्रश्न विचारायचा नाही. कितीही जुना सिनेमा असो, हॉलमध्ये तो न पाहिलेला एक तरी माणूस बसलेला असतो.

पाच. नावाड्याच्या सिनेमाच्या पहिल्या भागात कृष्णेच्या पुरात नाव उलटली, आमचा हिरो पाण्याखाली गेला आणि दिवे लागले. दुसरा भाग संक्रांतीला येतो आहे. गेल्या आठवड्यात त्याचा ट्रेलर आला. हल्ली ट्रेलरमध्ये काही म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. नावाडी जगतो की जातो, ते त्यात स्पष्ट दिसते म्हणतात. सगळ्या बाजाराने तो बघितला. मी कानात कापूस घालून दुकानात बसतो आणि टॉकीजच्या पोस्टरांच्या भिंतीजवळून जाताना छत्री आडवी धरतो.

रत्तम्मा म्हणाली, "अहो, एकदाचा बघून टाका. जिवाला तेवढीच शांतता."

"तू बघितलास?"

"मी भाजी निवडत होते. नागमणीच्या फोनवर चालू होता."

"मग आता तुझ्या तोंडाकडे मी बघायचा नाही."

"इतकी वर्षं कुठे बघत होतात?"

तिला समजत नाही म्हणून कारण इथे लिहितो. टॉकीजसमोर बसून मी आयुष्यभर बघितले आहे. ज्यांना शेवट माहीत असतो, ते शेवटच्या मारामारीआधीच उठून सोडा प्यायला बाहेर येतात. ज्यांना माहीत नसतो, ते खुर्ची सोडत नाहीत. मला बाहेर यायचे नाही. शेवट बघायचा राहिला असेल, तर मला गुंटूरहून परत यावेच लागेल.

डॉक्टरांनीही संगणकावर सगळे दाखवले. कुठे कापणार, हृदय कसे थांबवणार, यंत्रावर किती वेळ ठेवणार. मी विचारले, "आणि परत सुरू नाही झालं तर?" ते सांगू लागले, तशी मी कानांत बोटे घातली. पुढचे नागमणीने ऐकले. तेव्हापासून ती माझ्याशी भांडत नाही. काल तर न मागता ताटात अंबाडीची चटणी वाढली. मला मीठ बंद आहे.

सहा. पहिल्या खेळाला हिरो पडद्यावर आला की उधळायला मी वर्षभर कागदाचे तुकडे करून ठेवतो. त्यांची पिशवी खाटेखाली आहे. मी नसलो तर ते तुकडे माझ्यावर उधळू नयेत. टॉकीजचा ऑपरेटर मस्तान वली याने पिशवी टॉकीजमध्ये न्यावी आणि नावाडी पाण्यातून वर आला की उधळावी. तो वर आलाच नाही, तर तशीच परत आणावी.

सात. आलपाटि वीरय्या, सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या हिरोच्या मंडळाचा. हा सकाळचा खेळ बघून बाहेर यायचा आणि दुपारच्या रांगेला सांगायचा, "घरी जा रे, शेवटी मरतो तो." माझ्या लग्नाच्या वर्षी मी तिकीट हातात धरून उभा असताना त्याने मला सांगितले की खून आईनेच केला आहे. तेव्हापासून त्याला माझ्या दुकानात सोडा मिळालेला नाही. कुठल्याही सिनेमाचा शेवट याच्या पोटात राहत नाही. म्हणून हे काम त्यालाच देतो. मी परतलो नाही, तर वीरय्याने संक्रांतीचा पहिला खेळ बघावा, माझ्या अकराव्याला फोटोसमोर बसावे आणि नावाड्याचे काय झाले ते काही न गाळता सांगावे. त्यानंतर त्याला सोडा द्यावा. वीरय्या या कागदाचा साक्षीदारही आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात. हे देणे नव्हे, काम आहे.

वरील सर्व मी स्वतः वाचले. पटले म्हणून सही करतो.

चुंडूरु कोटय्या

साक्षीदार: शेख मस्तान वली, टॉकीजचा ऑपरेटर
साक्षीदार: आलपाटि वीरय्या

सह्या झाल्यानंतरचा जादा मजकूर.

वीरय्या आला तेव्हा दारात नागमणीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मी कापूस घालून तयार होतो. त्याने सही केली आणि गप्प बसून राहिला. शेवटी मीच कापूस काढला.

"ट्रेलर बघितलास ना?"

"बघितला."

"मग?"

"बरा आहे."

"नावाड्याचं काय?"

"कोटय्या, मंगळवार जाऊ दे. मग दोघं बसून बघू. तिकीट मी काढतो."

"आमच्या हिरोच्या सिनेमाला? तू?"

"काढतो म्हटलं ना."

मस्तान वली खाली बघत होता. डॉक्टरांनी जे सांगितले ते नागमणीने वीरय्याला सांगितलेले असणार. एरवी तो असा गप्प बसणारा माणूस नाही. मी विचारणार होतो. विचारले नाही.

मग तो उठला आणि म्हणाला, "एक सोडा दे की."

मी गोटी दाबून बाटली हातात दिली. तो बाहेर जाऊन, टॉकीजकडे पाठ करून, सावकाश प्यायला.

कलम सात कायम ठेवतो. इस्पितळाच्या पिशवीत कापूस भरला आहे.

पुन्हा सही: चुंडूरु कोटय्या
पुन्हा साक्ष: शेख मस्तान वली, आलपाटि वीरय्या (बाटली परत केली)

तेनाली, ३ जानेवारी २०२५