आरोग्य समितीचा सभासद आणि तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी

तीर्थरूप ताईस, कागदावरूनच साष्टांग नमस्कार (जमिनीवर घातला तर उठवायला दोघं लागतात).

तुझी तब्येत कशी आहे हे मी रीत म्हणून विचारतोय असं समजू नकोस. तब्येती विचारणं हे सध्या माझं कामच आहे. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याने नवी पद्धत काढली आहे. पूर्वी जितके जास्त आजारी येतील तितका दवाखान्याचा फायदा. आता माणशी वर्षाची ठरलेली रक्कम मिळते, म्हणून माणसं जितकी धडधाकट राहतील तितका फायदा. त्यासाठी वस्तीतल्या लोकांनाच हाताशी धरायचं म्हणून सात जणांची समिती नेमली. मी पस्तीस वर्षं टपाल वाटलेलं, प्रत्येक दार ठाऊक, म्हणून माझी वर्णी लागली. तुझी भावजय म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं." एवढ्या बहुमताने मी निवडून आलो.

पहिल्या सभेत लोक दवाखान्यात का येत नाहीत यावर दीड तास चर्चा झाली. न येणाऱ्यांपैकी तिथे कोणीच नव्हतं (ते येत नाहीतच), त्यामुळे लोक अडाणी आहेत यावर चटकन एकमत झालं. डॉक्टरबाईंनी ते वहीत लिहिलं, खोडलं, आणि म्हणाल्या, "त्यांनाच जाऊन विचारा ना."

माझ्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी आला. माझे कपडे वीस वर्षं तोच शिवतो, पण सहा वर्षांत तो दवाखान्याची पायरी चढलेला नाही. बावीस प्रश्नांचा कागद घेऊन मी निघालो. प्रत्येक मजल्यावर थांबून पाणी मागितलं (लोकसंपर्क वाढवायचाच होता). वर तो एका कोटाला अस्तर लावत बसला होता. मी पहिला प्रश्न वाचला: अलीकडे वजनात फरक पडला आहे का?

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माझ्या नाही. तुमच्या पडलाय."

उठला, माझ्या कमरेभोवती टेप फिरवली आणि मापांची वही काढली. दोन वर्षांपूर्वी अडतीस, आज चौतीस. "रात्री किती वेळा उठता?" हा माझा नववा प्रश्न होता. प्रश्न मी विचारायचे आहेत, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "मग विचारा की स्वतःला." बाविसाव्या प्रश्नापर्यंत मीच उत्तरं देत होतो आणि तो तोंडात टाचण्या धरून कागद भरत होता. मग त्याने चपला घातल्या आणि माझं मनगट धरून मला दवाखान्यात नेलं. साखर तीनशे वीस निघाली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, म्हणून मी जास्तच घाबरलो.

त्यांनी शिंप्याला विचारलं, तुम्ही का येत नाही? तो म्हणाला, "मागे एकदा इथे माझं वजन भर रांगेत मोठ्याने वाचलं. मी लोकांची मापं कधी मोठ्याने वाचत नाही."

दीड तासाच्या सभेत हे कोणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वजनकाटा आतल्या खोलीत गेला. दाराला पडदा शिंप्यानेच शिवून दिला आणि त्याच्या आड पहिला तोच उभा राहिला. आता तो समितीत आहे आणि तीन आठवड्यांत त्याने नुसत्या टेपच्या मापावरून अकरा जण दवाखान्यात पाठवले आहेत. मीही समितीत आहे, उदाहरण म्हणून.

बाकी क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या सुनेने कळवलं की तुझ्या पायाची जखम दोन महिने भरत नाही आणि तू ती मोज्यात लपवतेस. गुरुवारी दहाची वेळ घेतली आहे. बुधवारीच ये.

आणखी एक. माझे डोळे तपासायचे आहेत, साखरेमुळे. दोनदा निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. समितीला सांगितलं, रांग मोठी होती. रांग नव्हती. गुरुवारच्या दोन्ही वेळा, तुझ्या पायाची आणि माझ्या डोळ्यांची, तुझ्याच नावावर आहेत. तू मोठी, तेव्हा आत आधी तू जा.