टेबलाची खालची बाजू

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेबल टेम्पोने रवाना केलंय. बाबांनी जपलेल्या सागवानी फळ्यांचं सोनं झालं म्हणून त्यांना सांग. गेल्या पत्रात लिहिलं होतं तसं पायांचं रंधकाम आटोपलं, बोटात गेलेलं कुसळही निघालं. घरभर भुसा म्हणून बायको कुरकुरते, पण तयार फर्निचरच्या दुकानाकडे मी ढुंकूनही पाहत नाही! बाबांना दिसत असतं तर आज पाठ थोपटली असती.

लोभ असू दे, शिव्या भेटीत दे.
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टेबल वरून काय देखणं दिसतं! पुसताना पाणी सांडलं आणि खालची कड पावासारखी फुगली. नखाने टोकरली तर आत भुशाचा लगदा, वर सागाचा पापुद्रा. दिसत नसली तरी खालची बाजूही तेवढ्याच निगुतीने रंधायची, ही बाबांची शिस्त विसरलास? मला बनवलंस ते सोड. पण तुझं प्रत्येक पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या थापा माझ्या तोंडून त्यांच्या कानी घातल्यास. संताप संताप होतोय. त्यांना अजून काही बोलले नाही. फळ्या कुठे आहेत, सरळ लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळ्या भिंतीला टेकून आहेत. पहिलीच रंधताना मोठी ढलपी निघाली आणि माझा धीर सुटला. तयार टेबल आणलं. बाबा माझी पत्रं पुन्हा पुन्हा वाचून घेतात, असं तू कळवलंस, मग थांबवेना. पुढचं सगळं रचून लिहिलं. त्यांना सांगू नकोस, पाया पडतो. खरं टेबल करून गुपचूप बदलून टाकीन.

जमलं तर माफ कर.
धाकटा

२७ जून

चि. मुलास,
आशीर्वाद.

मी सांगतोय, ताई लिहितेय. तुझं पत्र तिने नेहमीसारखं मोठ्याने वाचलं, तिच्यावर चिडू नकोस. टेबल आलं त्याच दिवशी खालून हात फिरवला आणि मला कळलं. तू आपणहून लिहिशील म्हणून गप्प राहिलो. तू लिहिलंस, तेही माझ्यापासून लपवायला. फळी बिघडल्याचं काही नाही रे, माझ्याही हातून बिघडल्यात. पण ताई वाचायची तेव्हा मी खाटेवर बसून तुझ्याबरोबर रंधा मारायचो. डोळे गेल्यापासून तेवढंच काम उरलं होतं मला.

फळ्या परत पाठव. यापुढे तुझी पत्रं मनातल्या मनात वाच, असं ताईला सांगितलं आहे.

बाबा